बस्ती आणि वस्ती

माझ्या माहेरी, निपाणीकडच्या आमच्या गावात, ‘बस्ती’ म्हणजे जैन मंदिर. सकाळी आंघोळ झाली की आज्जी म्हणायची, “आधी बस्तीत जाऊन ये, मग चहा.” बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. रट्ट राजांचा मंत्री बिचीराज याने ती १२०४ साली बांधवली. तिच्या छतातलं दगडी कमळ दाखवायला अण्णा आम्हाला सुट्टीत न्यायचे. त्यामुळे बस्ती म्हटलं की मला आजही ते कमळ आणि पायाखालची थंडगार फरशी आठवते.

१९९२ साली लग्न होऊन मी इंदूरला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना मी विचारलं, “तुम्ही राहता कुठे?” त्या म्हणाल्या, “यहीं पास में, बस्ती में.” मला वाटलं, वा, किती पुण्यवान! मंदिराच्या आवारातच राहतात. मी तसं बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि हसू दाबत म्हणाल्या, “अगं, इकडे बस्ती म्हणजे झोपडपट्टी. त्यांचे यजमान हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल बंद पडून पाच महिने झालेत.”

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ पुढची तीस वर्षं माझ्या मनात दोन वेगवेगळ्या कप्प्यांत पडून होते. गेल्या वर्षी ते एका नकाशावर एकत्र आले, आणि तिथून हा लेख सुरू झाला.

झालं असं, की आमच्या समाजातल्या काही मंडळींनी शहराबाहेर चौदा एकर जमीन घेतली. तिथे आपलीच कॉलनी वसवायची. मध्यभागी मंदिर, शेजारी त्यागी-निवास, भोवती एकशे वीस प्लॉट, चारी बाजूंनी भिंत आणि एक मोठं गेट. कल्पना मला मनापासून आवडली. म्हाताऱ्या माणसांना पायी मंदिरात जाता येईल, सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांना कोणी हसणार नाही, महाराज आले तर चौके लावायला घरं शेजारी शेजारी असतील. माहेरच्या शेतातला माझा वाटा विकून आलेले पैसे मी त्यात घातले. दोन हजार चारशे चौरस फुटांचा कोपऱ्यावरचा प्लॉट आमच्या नावावर झाला. हे कमिटीतही आहेत.

मग एक दिवस महिला मंडळात नकाशा आला. “बायकांनी स्वयंपाकघराविषयी काही सूचना असतील तर द्याव्यात,” असा निरोप होता. नकाशा आमच्या डायनिंग टेबलावर पसरला. मी चष्मा लावून बघत बसले. जमिनीवर एक जुनी बांधलेली विहीर आहे, ती मी स्वतः पाहिली होती. नकाशात त्या जागी पार्किंग. पावसाळ्यात वाहणारा एक नाला आहे. नकाशात तो नाहीसा झालेला. विचारलं तर कळलं, पाइपात घालून वरून रस्ता काढायचा. आणि एकशे वीस घरांत धुणीभांडी करणाऱ्या, झाडणाऱ्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका कुठून येणार? त्याचं उत्तर नकाशात नव्हतं. गरिबांसाठी लहान प्लॉट ठेवा, नाहीतर आश्रय शुल्क भरा, अशी सोय असते. आमच्या मंडळींनी शुल्क भरायचं ठरवलं होतं. म्हणजे पैसे भरून तो प्रश्नच भिंतीबाहेर ठेवला.

मला काहीतरी खटकत होतं, पण नेमकं बोलता येईना. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण पानिपत आणि पेशवाईपलीकडे त्यातलं फारसं उरलं नाही. माझी भाची आर्किटेक्चर शिकते. ती आली, नकाशा बघितला आणि म्हणाली, “मावशी, नवी वस्ती कशी वसवावी याचा विचार तुमच्या इंदूरमध्ये शंभर वर्षांपूर्वी झालाय. तू वाचलं नाहीस?” पुढच्या खेपेला तिने एक जाडजूड झेरॉक्सचा गठ्ठा आणून दिला. पॅट्रिक गेडिस नावाच्या माणसाने होळकर दरबाराला सादर केलेला अहवाल. साल १९१८. दोन खंड.

मैत्रिणींनो, इंग्रजी अवघड आहे, वाक्यं लांबच लांब आहेत. पण दुपारची कामं आटोपली की मी रोज थोडं वाचत गेले. मुळात हा माणूस बांधकामवाला नव्हेच. जन्म १८५४ चा, स्कॉटलंडचा, आणि विषय जीवशास्त्र. झाडं आणि जीव अभ्यासता अभ्यासता तो शहरांकडे वळला. १८८६ साली त्याचं ॲनाशी लग्न झालं. त्यानंतर या नवराबायकोने एडिंबराच्या जुन्या, पडक्या, घाणीने भरलेल्या भागातल्या एका चाळीत बिऱ्हाड केलं. चांगल्या घरातली सुशिक्षित मुलगी, नवा संसार, आणि भोवती कळकट जिने! दोघांनी झाडलं, चुना लावला, खिडक्यांत फुलझाडं लावली आणि शेजाऱ्यांना सोबत घेतलं. गेडिसची नगररचना अशी झाडू आणि चुन्याच्या बादलीपासून सुरू झाली. पुढे तो जे काही बोलला त्यावर माझा विश्वास बसला तो इथेच.

१९१४ साली तो हिंदुस्थानात आला. त्याचं शहरांविषयीचं मोठं प्रदर्शन, नकाशे आणि चित्रं घेऊन येणारं जहाज जर्मनांच्या ‘एम्डेन’ने बुडवलं. गडी खचला नाही. नवं सामान जमवलं आणि पुढची काही वर्षं गावोगाव फिरत राहिला. लाहोर, लखनौ, ठाणे, सुरत, आणि आपल्या मराठी मंडळींचं बडोदं, अशा कितीतरी शहरांवर त्याने अहवाल लिहिले. इंदूरला तो तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या बोलावण्यावरून आला. त्याच वर्षी, १९१७ मध्ये, त्याचा थोरला मुलगा युद्धात मारला गेला आणि दोन महिन्यांत ॲनाही तापाने गेली. मुलगा गेल्याचं तिला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. असं दुःख उरात घेऊन हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस आमच्या गल्ल्यांतून हिंडत होता. अहवाल वाचताना मला हे सारखं आठवायचं.

तेव्हाचं इंदूर म्हणजे प्लेगचं इंदूर. राजवाड्याभोवती दाट गल्ल्या, खान आणि सरस्वती या दोन नद्यांचे काठ घाणीने भरलेले, आणि कापडगिरण्या वाढत चाललेल्या. मालवा मिल १९०९ मध्ये सुरू झालेली, आपले सर सेठ हुकुमचंद यांची मिल १९१५ मध्ये. मजूर येत होते, राहायला जागा नव्हती. दरबाराला वाटलं होतं, साहेब रुंद रस्ते आखून देईल. पण गेडिस म्हणाला, जुनी गल्ली पाडू नका. दुखरा भाग तेवढा काढा, पडकं घर काढून तिथे मोकळा चौक ठेवा, विहीर साफ करा, झाड लावा. वैद्य जसा आधी नाडी बघतो तसं आधी गाव पायी फिरून बघा, मगच औषध द्या. आणि गिरण्यांच्या कामगारांसाठी शहराच्या उत्तरेला नवी वस्ती वसवा, तीही घर, झाड आणि मोकळी जागा यांचा हिशेब ठेवून.

त्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट दिवाळीच्या मिरवणुकीची. नकाशे घेऊन फिरणाऱ्या या साहेबाला बघून लोक घाबरायचे, हा घरं पाडणार असं त्यांना वाटायचं. तेव्हा त्याने महाराजांकडून, म्हणे, एका दिवसाची सत्ता मागून घेतली. दवंडी पिटली की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही; ज्या भागात घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून सर्वांत स्वच्छ केलेली असतील तिथून जाईल. मग काय विचारता! साऱ्या शहरात झाडलोट सुरू झाली. गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा मोठा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. आणि त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, झाडूंना फुलांच्या माळा घालून चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांचं दहन झालं. लोकांना तुळशीची रोपं वाटली.

ही गोष्ट ऐकून मुलं हसतात. मी मात्र त्या पांढऱ्या कपड्यांपाशी थांबले. ज्यांच्या सावलीपासून लोक दूर पळायचे, त्यांना गेडिसने दिवाळीच्या मिरवणुकीत आणलं. शहर वसवणाऱ्यांत त्याने पहिला मान साफ करणाऱ्यांना दिला.

अहवालातला जो भाग वाचून मी खरी चकित झाले, तो गटारांचा. महागड्या भुयारी गटारांतून सगळा मैला वाहून न्यायचा, या योजनेवर तो तुटून पडला. त्याचं म्हणणं साधं होतं. जे जमिनीतून आलं ते जमिनीला परत द्या. घाण पाण्यात सोडली की नदी मरते आणि शेतही उपाशी राहतं. तीच घाण मातीत नीट मुरवली की बाग उभी राहते.

हे वाचलं आणि मला माझी आज्जी दिसली. आमच्या वाड्यातल्या विहिरीवर पाणी शेंदायचं, दुहेरी कापडातून गाळायचं, आणि कापडावर जे सूक्ष्म जीव राहिले असतील ते त्याच पाण्याने अलगद खळबळून पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे. ती जिवाणी. दुसऱ्या विहिरीत चालत नाही. ज्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात परत. लहानपणी मला वाटायचं, काय हा खटाटोप! आज नळ उघडून प्युरिफायरचं पाणी पिणाऱ्या आपल्यापैकी किती जणींच्या घरी हे होतं? माझ्याही होत नाही. आपण गाळणं ठेवलं, परत करणं सोडलं. हजारो मैलांवरून आलेला एक परदेशी शास्त्रज्ञ जे सांगत होता, ते आज्जी चौथी शिकलेली असून रोज करत होती. फरक एवढाच की ती जिवांच्या दयेपोटी करायची आणि तो मातीच्या हिशेबापोटी सांगत होता.

गेडिसनंतर सहाच वर्षांनी, १९२४ मध्ये, इंदूरला वनस्पती उद्योगाची एक संशोधन संस्था निघाली. आजचं आमचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल काम करत. गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, नवऱ्याच्या कामात बरोबरीच्या. इथे हॉवर्डनी आपल्या मराठी माणसाच्या, यशवंत वाड यांच्या सोबतीने खत करण्याची एक पद्धत बसवली. पालापाचोळा आणि पिकाची ताटं, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख, असे थर लावायचे, ओल टिकवायची आणि ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा. तीनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघालं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. १९३५ मध्ये गांधीजीही ही पद्धत बघायला इथे आले होते. सेंद्रिय शेतीच्या गप्पा मारणारे आज लंडन-न्यूयॉर्कमध्येही इंदूरचं नाव घेतात, आणि आम्ही इंदूरवाले फक्त पोह्यांचं घेतो!

२०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा होतो, तो घेऊन जाणाऱ्या गाडीचं गाणं आमच्या नातवंडांना तोंडपाठ आहे. ओल्या कचऱ्यापासून खत होतं, गॅसही होतो. मला याचा अभिमान आहे. पण पाण्याच्या बाबतीत आपण उलट्या दिशेने गेलो. १९७८ साली नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून शहरात आणलं. शहर जगलं, ही मोठीच गोष्ट. सासूबाई सांगायच्या, नर्मदा आली त्या दिवशी बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. पण नळ आला आणि विहिरी उकिरडे झाल्या. त्यांच्यात जिवाणी सोडणारं कोणी उरलं नाही. आता शहराच्या कडेला जी नवी कॉलनी होते ती बोअर मारते, बोअर आटला की टँकर मागवते.

आमची चौदा एकरांची कॉलनीही त्याच वाटेने निघाली होती.

भाचीला म्हटलं, “गेडिस झाला शंभर वर्षांपूर्वीचा. आजच्या काळात कोणी काही केलं का?” ती म्हणाली, “तुमच्या कामवाल्या मावशी कुठे राहतात आता?” मी म्हटलं, “अरण्यमध्ये.” ती हसायलाच लागली. “अगं मावशी, ते बघायला जगभरातून आर्किटेक्ट येतात!”

खरंच सांगते, त्या बाई माझ्याकडे तीस वर्षं येत होत्या आणि मी त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते. त्या रविवारी मी आणि भाची गेलो.

अरण्य ही शहराच्या मध्यापासून सहा किलोमीटरवर, आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूची वसाहत. १९८४ मध्ये बाळकृष्ण दोशी यांच्या संस्थेने तिचा आराखडा केला. दोशी गुजराती, पण जन्म पुण्याचा, १९२७ सालचा. पुढे २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतलं सर्वांत मोठं मानलं जाणारं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. अरण्यला त्याआधीच, १९९५ मध्ये, आगाखान पारितोषिक मिळालं होतं. ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजार घरं, साठ हजार माणसं, असा तो हिशेब.

दोशींच्या लोकांनी आधी इंदूरच्या झोपडवस्त्या पाहिल्या. लोक ओट्यावर काय करतात, जिन्याखाली काय ठेवतात, झाडाखाली कोण बसतं, हे टिपलं. मग ठरवलं की गरिबाला तयार घर द्यायचंच नाही. सर्वांत लहान प्लॉट पस्तीस चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेचारशे चौरस फुटांच्या आसपास. त्यावर जोतं बांधून द्यायचं, आणि एक संडास-न्हाणीघर, पाण्याची आणि विजेची सोय. बाकीचं घर ज्याचं त्याने, ऐपतीप्रमाणे, वाढवत न्यायचं. कसं वाढवता येईल हे दाखवायला नमुन्याची ऐंशी घरं तेवढी बांधली. दहा-दहा घरांचा एक पुंजका, पुढे गल्ली, मागे अंगण. दर वीस घरांमागे एक सेप्टिक टँक. घरं एकमेकांना चिकटून, त्यामुळे ऊन फक्त पुढच्या-मागच्या भिंतीला लागतं.

आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे: गरिबांची वसाहत म्हणून ती वेगळी काढली नाही. सहा विभाग, प्रत्येकाच्या कडेला सुस्थितीतल्यांचे मोठे प्लॉट आणि आतल्या बाजूला गरिबांचे लहान. मोठे प्लॉट चढ्या भावाने विकून आलेल्या पैशातून लहानांचा भार उचलला. एकच शाळा, एकच बाजार, सगळ्यांमधून तिरके जाणारे बगिच्यांचे पट्टे.

बाईंचं घर आतल्या गल्लीत आहे. मूळ प्लॉट त्यांच्या दिराला मिळालेला. आधी जोतं आणि न्हाणीघर. मग एक खोली. मिल बंद पडल्यावर मागच्या अंगणाच्या बाजूला आणखी एक खोली वाढवून हे कुटुंब आलं. मुलगा कमावता झाल्यावर बाहेरून जिना घेऊन माडी चढवली. “हर दिवाली को थोड़ा-थोड़ा,” त्या म्हणाल्या. ओट्यावर सून मटार सोलत बसली होती, समोरच्या ओट्यावरची शेजारीण तिच्या मुलाला आंघोळ घालत होती. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. कित्येक प्लॉट विकले गेले आहेत, काही ठिकाणी दोन-तीन जोडून उंच इमारती झाल्या आहेत, नमुन्याची घरं शोधावी लागतात. पण तीस वर्षांनी ती गल्ली जिवंत आहे. आम्ही निघालो तेव्हा बाई म्हणाल्या, “भाभी, आप पहली बार आईं.” त्यात तक्रार नव्हती. मला मात्र उत्तर सुचलं नाही.

घरी येताना गाडीत मी भाचीला म्हटलं, नवी वस्ती टिकेल की नाही हे मागच्या दाराशी बघावं. मोरीचं पाणी कुठे जातं आणि मोरी घासणारी कुठून येते, या दोन्ही प्रश्नांना त्या वस्तीतच उत्तर असेल तर ती टिकते. पाणी नळाने बाहेरून आणायचं, घाण पाइपाने बाहेर घालवायची, काम करणारीला सकाळी गेटवर पास दाखवून आत घ्यायचं आणि दुपारी बाहेर काढायचं, हे वसवणं नव्हे, उसनवारी आहे. अपरिग्रहाचं व्रत आपण कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या संख्येवर मोजतो. दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी आणि दुसऱ्याचे दोन तास बसने यायचे-जायचे, हा परिग्रह कधी मोजायचा?

मग सभा झाली. धर्मशाळेच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसं. स्वयंपाकघराच्या सूचना द्यायला मी उठले आणि विहिरीपासून सुरुवात केली. म्हटलं, “महाराज येतील तेव्हा चौक्याला विहिरीचं पाणी लागेल. आपण मंदिर बांधतोय आणि विहिरीवर पार्किंग. मग आहाराला पाणी कुठून आणायचं?” वयस्क मंडळी एकमेकांकडे बघू लागली. विहीर तिथल्या तिथे राहिली. गच्च्यांचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडायचंही ठरलं.

मग मी रस्त्यांचं बोलले. आहार करून महाराज परत निघतात तेव्हा दहा-अकरा वाजलेले असतात. वैशाखात त्या वेळी डांबरावर आपण अनवाणी उभं राहून बघावं. मंदिर ते त्यागी-निवास ते घरं, एवढी वाट तरी मातीची आणि दोन्ही बाजूंना कडुनिंब-करंज लावलेली हवी. ती चालणाऱ्या सर्वांनाच कामी येईल. हेही पटलं. नाल्यावर वाद झाला. मी म्हटलं, नाला उघडा ठेवा, काठाला झाडं लावा. इंजिनियरने हिशेब करून सांगितलं की पाइपापेक्षा काठ बांधणं स्वस्त पडेल. स्वस्त म्हटल्यावर आपला समाज लगेच ऐकतो! निम्मा नाला वाचला. उरलेल्या निम्म्यावर क्लब हाऊस येणार आहे.

शेवटी मी लहान प्लॉटांचं काढलं. आश्रय शुल्क न भरता वीस लहान प्लॉट आतच ठेवूया, इथे काम करणाऱ्या कुटुंबांसाठी. हॉल एकदम गप्प झाला. मग सगळे एकदम बोलू लागले. भाव पडेल. उद्या कोण येईल सांगता येत नाही. माझ्याच वयाच्या एक वहिनी, माझ्या चांगल्या मैत्रीण, म्हणाल्या, “अहो, आपण कशासाठी वेगळं राहायला चाललोय? शेजारी काही भलतंसलतं शिजलं तर?” त्यांची भीती खोटी नाही. मी स्वतः तशा वासाने जेवण सोडून उठलेली आहे. मी एवढंच म्हटलं, “वहिनी, ज्या बाई तुमचा चौका धुऊनपुसून देतात, त्यांच्या हातावर आपला विश्वास आहे. मग त्यांच्या चुलीवर का नको? काय पाळायचं ते त्यांच्याशी बसून ठरवूया ना.” कोणी उत्तर दिलं नाही. हा विषय दशलक्षण पर्वानंतरच्या सभेवर ढकलला.

रात्री यांना म्हटलं, “आपला प्लॉट चोवीसशेचा आहे. अर्धा देऊया. त्यात तीन लहान बसतात.” हे बराच वेळ पंख्याकडे बघत पडले होते. म्हणाले, “तो तुझ्या माहेरचा पैसा आहे.” मी म्हटलं, “म्हणूनच म्हणतेय.” हे अजून हो म्हणालेले नाहीत. नाहीही म्हणालेले नाहीत.

सभा पुढच्या महिन्यात आहे. नकाशाची एक प्रत मी घरी ठेवून घेतली आहे. कोपऱ्यावरच्या आमच्या प्लॉटमध्ये पेन्सिलीने तीन चौकोन काढले आहेत आणि प्रत्येकापुढे एक ओटा. बाईंना तो दाखवला. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “और पानी किधर से जाएगा?” मी म्हटलं, बसा, तेच ठरवायचं आहे.